पाठीवर बिऱ्हाड आणि वाळूचे बेट
(भूगोल : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी वाचनपाठ)

वाळू म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एक तर नदीचे कोरडे पात्र उभे राहते, नाही तर पुस्तकातील वाळवंटाचे चित्र. जिच्यात पाणी ठरत नाही, ओल टिकत नाही व बी रुजत नाही अशी ही वस्तू, असा त्यांचा समज असतो. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यानजीक, क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेन शहराच्या उत्तरेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर एक बेट असून ते जवळजवळ सर्वस्वी वाळूचे बनलेले आहे. त्याची लांबी सुमारे १२३ किलोमीटर. रोज पंधरा किलोमीटर चालणाऱ्या माणसास एका टोकापासून दुसरे टोक गाठण्यास आठ दिवसही पुरणार नाहीत. वाळूचे इतके मोठे बेट जगात दुसरे नाही. तरीही त्यावर गर्द वर्षावन उभे आहे आणि गोड्या पाण्याची चाळीसहून अधिक सरोवरे आहेत.

पाठीवर पिशवी बांधून, पदरी थोडे पैसे घेऊन पुष्कळ तरुण प्रवासी हे बेट पाहावयास येतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण त्यांस तंतोतंत लागू पडते. असा प्रवासी तेथे कसा जातो, काय खातो, कोठे निजतो, आणि त्याच्या काटकसरीचा भार अखेर कोणावर पडतो, हे कळण्यासाठी प्रथम ते बेट समजून घेतले पाहिजे.

नावापासूनच प्रारंभ करणे बरे, कारण शाळेतील जुन्या नकाशात ह्या बेटाचे नाव ‘फ्रेझर बेट’ असे आढळेल. १८३६ साली ‘स्टर्लिंग कॅसल’ नावाचे जहाज प्रवाळखडकावर आपटून फुटले. त्याचा कप्तान जेम्स फ्रेझर व त्याची पत्नी एलायझा ही ह्या बेटावर येऊन पोचली. कप्तान तेथेच मरण पावला. एलायझा पुढे सुटून परत गेली. तिने ज्या हकिगती सांगितल्या त्यांत बेटावरील लोकांचे चित्र रानटी म्हणून रंगविले गेले, आणि बेटास नाव मात्र फ्रेझरांचे मिळाले. वस्तुतः बुचुल्ला लोक तेथे किमान पाच हजार वर्षे नांदत होते. त्यांच्या भाषेत बेटाचे नाव ‘गरी’ असून त्याचा अर्थ स्वर्गतुल्य भूमी असा होतो. इंग्रजी लिपीत ह्या नावाच्या आरंभी ‘क’चे अक्षर लिहितात, परंतु ते उच्चारीत नाहीत. २०१४ साली न्यायालयाने बुचुल्ला लोकांचा ह्या भूमीवरील परंपरागत हक्क मान्य केला आणि जून २०२३ मध्ये सरकारने ‘गरी’ हेच नाव अधिकृत केले. शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही नावे लिहावीत. मात्र कोणते नाव कोणी दिले हेही सांगावे.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर ‘इंडियन हेड’ नावाचे खडकाळ भूशिर आहे. त्याचा आपल्या देशाशी काहीही संबंध नाही. १७७० साली कप्तान कुक जहाजातून जात असता त्यास त्या भूशिरावर माणसे जमलेली दिसली. आणि त्या काळचे युरोपीय दर्यावर्दी परक्या भूमीवरील मूळच्या लोकांना सरसकट ‘इंडियन’ म्हणत.

आता ही वाळू आली कोठून? दक्षिणेकडील न्यू साऊथ वेल्स राज्यातील डोंगरांचे खडक ऊनपावसाने झिजले, नद्यांनी त्यांचा चुरा समुद्रात नेला, आणि लाटांनी व किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी तो शेकडो किलोमीटर उत्तरेकडे ढकलला. वाटेत ज्वालामुखीच्या खडकाचे थोडे उंचवटे आडवे आले, त्यांच्या आश्रयाने वाळू साठू लागली. उपर्युक्त इंडियन हेड हा त्यांपैकीच एक. हिमयुगात समुद्र मागे हटावा, उघड्या पडलेल्या तळावरील वाळू वाऱ्याने लोटून तिच्या टेकड्या बनाव्यात, पुन्हा समुद्र चढावा व नवी वाळू आणावी, असा क्रम सात लाखांहून अधिक वर्षे चालला. ह्या टेकड्या काही ठिकाणी २४० मीटर उंच आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असेही सुचविले आहे की, ही वाळू येथे अडली म्हणूनच उत्तरेकडील समुद्र निर्मळ राहिला व तेथे जगप्रसिद्ध प्रवाळमालिका वाढू शकली.

वाळूच्या कणात वनस्पतींचे अन्न जवळजवळ नसते. पावसाबरोबर व समुद्राच्या तुषारांबरोबर जे थोडे क्षार येतात, आणि गळालेली पाने कुजून जे मिळते, तेवढ्यावरच ह्या वनाची गुजराण. झाडांच्या मुळांशी एक प्रकारच्या सूक्ष्म बुरशीचे धागे निगडित असतात. ते वाळूतील कणभर अन्न शोषून मुळांस पुरवितात व मोबदल्यात झाडांकडून साखर घेतात. प्रथम गवत, मग झुडपे, मग मोठी झाडे, अशा क्रमाने हजारो वर्षांत जमिनीवर एक पातळसा सुपीक थर जमला. त्या थरावर बेटाच्या मध्यभागी गगनचुंबी वृक्ष उभे आहेत. त्यांतील सॅटिने नावाच्या वृक्षाचे लाकूड समुद्रातील किड्यांस दाद देत नाही, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामासाठीही नेण्यात आले. १८६३ मध्ये सुरू झालेली वृक्षतोड १९९१ मध्ये थांबली. वाळूतील खनिजांसाठी चाललेले उत्खनन त्यापूर्वीच, १९७६ साली बंद झाले होते. १९९२ मध्ये बेटाची गणना जागतिक वारशात झाली.

सरोवरांची कथा ह्याहून नवलाची. पावसाचे पाणी वाळूतून खाली झिरपून जावयास हवे. मग ते टेकड्यांच्या माथ्याजवळील खोलगट भागांत साठते कसे? पाने व काटक्या कुजून त्यांचा गाळ वाळूच्या कणांत बसतो, कण एकमेकांस चिकटतात, आणि भांड्याच्या बुडासारखा एक घट्ट थर तयार होतो. पाणी ह्या थरावर अधांतरी राहते; खालच्या भूजलाशी त्याचा संबंध नसतो. ही गोष्ट वर्गात सहज दाखविता येईल. बुडाशी छिद्र असलेली दोन मडकी घ्यावीत. एकात नुसती धुतलेली वाळू भरावी. दुसऱ्यात वाळूच्या मध्ये चिकणमाती व कुजलेला पाला कालवून केलेला बोटभर जाडीचा थर, कडेला फट न ठेवता, दाबून बसवावा. दोहोंत सारखे पाणी ओतून विद्यार्थ्यांस पाहू द्यावे. नंतर दुसऱ्या मडक्यातील थरास काडीने एकच भोक पाडावे. पुढे काय होते ते मुलेच सांगतील.

अशा ह्या बेटावर आपला गरीब प्रवासी येतो. समोरच्या मुख्य भूमीवर हर्वी बे नावाचे गाव आहे. तेथे स्वस्त वसतिगृहे असून एका खोलीत अनेकांची निजण्याची सोय असते व स्वयंपाकघर सर्वांचे मिळून एक. बेटावर डांबरी रस्ते जवळजवळ नाहीत. वाळूत चालणारी, चारही चाकांना गती देणारी मोटार लागते आणि ती भाड्याने घेणे एकट्याच्या खिशाला परवडत नाही. म्हणून अनोळखी तरुण एकत्र येतात, मोटारीचे भाडे, इंधन व शिधा वाटून घेतात, आणि वाटाड्याच्या गाडीमागून तीनचार गाड्यांचा तांडा निघतो. पूर्वेचा लांबलचक पुळणीचा किनाराच तेथील हमरस्ता होय. त्यास ‘पंच्याहत्तर मैल किनारा’ म्हणतात. तेथे ताशी ८० किलोमीटरांची वेगमर्यादा असते व लहान विमानेही उतरतात. भरतीच्या आधी व नंतर दोनदोन तास गाडी हाकू नये असा सल्ला आहे; कोकणातील मुलांना ह्याचे कारण सांगावे लागणार नाही. १९३५ साली भंगार म्हणून जपानकडे ओढून नेत असता वादळात सापडलेले ‘महेनो’ जहाज ह्याच किनाऱ्यावर गंजत पडले आहे. समुद्रस्नान मात्र येथे वर्ज्य आहे, कारण पाण्याची ओढ भयंकर आणि शार्क मासे पुष्कळ.

परंतु सर्वांत कमी खर्चाचे साधन म्हणजे दोन पाय, आणि बेट खरोखर पाहावयाचे तर तेच उत्तम. रिव्हर हेड्स येथील धक्क्यावरून फेरीबोटीने पायी प्रवाशास सुमारे पाऊण तासात बेटावर जाता येते. डिली व्हिलेजपासून हॅपी व्हॅलीपर्यंत वनातून व सरोवरांच्या कडेने ९० किलोमीटरांची पायवाट आखलेली असून ती चालण्यास सहा ते आठ दिवस लागतात. वाटेत पदयात्रिकांसाठी मुक्कामाच्या जागा आहेत. तंबूचा परवाना आगाऊ घ्यावा लागतो व माणशी, रात्रीगणिक बेताचा आकार पडतो. तंबू, अंथरूण, गॅसची लहान शेगडी, तांदूळ, शेवया, डाळ, डबाबंद अन्न, औषधे हे सर्व पाठीवर. सरोवराचे पाणी दिसण्यास स्फटिकासारखे असले तरी ते उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावयाचे. वाळूत पाऊल रुतते. त्यामुळे सपाट रस्त्यावर सहज वाटणारे अंतर येथे दमछाक करते, हे नवख्यास पहिल्याच चढावर कळते.

वाटेवर प्रथम बूमांजिन सरोवर लागते. अधांतरी सरोवरांत हे जगातील सर्वांत मोठे मानले जाते. त्याचे पाणी चहासारखे तांबूस दिसते, कारण भोवतालच्या झाडपाल्याचा अर्क त्यात उतरलेला असतो. पुढे वर्षावनातील वांगूल्बा ओढा येतो. तो इतका निवळ व इतका नि:शब्द वाहतो की पाणी आहे की नाही असा भ्रम व्हावा. वाळूच्या तळावर त्यास खळखळावयास दगडच नाहीत. त्यानंतरचे बूरांगूरा सरोवर पांढऱ्याशुभ्र वाळूने वेढलेले आहे. त्यात पोहण्यास मुभा आहे; परंतु साबण, भांडी धुणे व अंगास लावलेली तेले यांस नाही. ज्या पाण्यात अन्नद्रव्य जवळजवळ नाही त्यात थोडी भरही मोठी ठरते, आणि अशा पाण्यास वाहून जाण्यास वाटही नसते. वॉबी सरोवराची तऱ्हा निराळीच. तेथे वाऱ्याने लोटलेली वाळूची टेकडी दरसाल थोडीथोडी पुढे सरकत सरोवर गिळीत आहे. तिच्या उतारावरून धावत येऊन पाण्यात सूर मारणाऱ्या काहींनी पाठीचा कणा मोडून घेतला आहे.

बेटावरील रानटी कुत्रे डिंगो नावाने ओळखले जातात. बुचुल्ला त्यांस वोंगारी म्हणतात. ते शिकार करून पोट भरतात. पण भाकरीचा एखादा तुकडा मिळाला की माणसाचे भय त्यांच्या मनातून जाते व मग ते मागू लागतात, हिसकावू लागतात. २००१ साली त्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्यानंतर अनेक मुक्कामांभोवती कुंपणे आली. अन्न बंद पेटीत ठेवावे, एकट्याने हिंडू नये, मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावे, हे नियम आहेत. उरलेले अन्न दयाबुद्धीने कुत्र्यास घालणारा प्रवासी दुसऱ्या दिवशी निघून जातो. धीट झालेल्या त्या कुत्र्यास मात्र पुष्कळदा ठार करावे लागते.

काटकसर आणि निष्काळजीपणा ह्यांतील अंतर २०२० साली फार महाग पडले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये काही जणांनी पेटविलेली बेकायदा शेकोटी नीट विझली नाही. तिच्यातून उठलेला वणवा दोन महिन्यांवर धुमसत राहिला व त्यात बेटाचा जवळजवळ निम्मा भाग होरपळला. उघड्यावर विस्तव पेटविण्यास तेथे मोजक्या ठिकाणीच परवानगी असते. विझविताना पाणीच घालावे, वाळू टाकू नये, असा दंडक आहे. वाळूखाली निखारे झाकले जातात पण निवत नाहीत, आणि वरून दिसेनासे झाल्यामुळे अधिक घातक होतात. गॅसची शेगडी विकत घ्यावी लागते, सरपण फुकट मिळते. परंतु येथे जमिनीवर पडलेली काटकी कोणाची नाही असे नाही. वनाचे पुढील वर्षाचे अन्न तिच्यातच असते. बुचुल्ला लोकांचे तीन प्राचीन नियम आहेत : भूमीच्या हिताचे ते प्रथम; जे आपले नाही त्यास हात लावू नये; आणि आपल्यापाशी पुष्कळ असेल तर वाटून घ्यावे. मोटारीचे भाडे वाटून घेणाऱ्या तरुणांना तिसरा नियम चटकन समजतो. पहिले दोन त्यांस तेथे येऊन शिकावे लागतात.

अभ्यासासाठी : ऑस्ट्रेलियाच्या नकाशात ब्रिस्बेन शोधून किनाऱ्याने उत्तरेस बोट न्यावे व हे बेट दाखवावे. ९० किलोमीटरांची वाट आठ दिवसांत चालणाऱ्यास दररोज सरासरी किती अंतर पडेल? सहा दिवसांत चालल्यास किती? आठ दिवसांच्या पदयात्रेस निघणाऱ्या दोघांच्या शिध्याची यादी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या मापाने करावी, आणि प्रत्येक जिन्नसापुढे लिहावे की परतताना त्याचे काय उरेल : टरफल, डबा, कागद, की काहीच नाही. जे उरेल तेही पाठीवरूनच परत आणावयाचे आहे, हे धरून वजनाचा हिशेब करावा.