गुरुवार राखून ठेव

भोसरीतली नोकरी सांभाळून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करायची म्हणतेस, मला मनापासून आनंद झाला. शॉपवर रोज उभं राहणाऱ्या माणसाने संशोधन करावं, याची आपल्याकडे फार गरज आहे. चार गोष्टी सांगतो, त्या अर्ज भरायच्या आधी ऐकून घे.

पहिली गोष्ट कागदाची. कंपनीकडून एनओसी घेशील ती पूर्ण वाचून घे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएचडीसाठी त्या पत्रात तीन गोष्टी लागतात: तुला शिकायची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तुला कामावरून मोकळं केलं जाईल. तिसरी ओळ हट्टाने लिहून घे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि परीक्षा नेमकी कस्टमर ऑडिटच्या आठवड्यात येते. प्लँट हेडनी तोंडी दिलेला होकार त्यांची बदली झाली की संपला. मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात, आणि स्त्रियांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत मिळू शकते. ही सवलत अडीअडचणीसाठी आहे, ती धरून आखणी करू नकोस.

आयआयटी बॉम्बे किंवा आयआयएम मुंबई, म्हणजे २०२३ पर्यंतचं एनआयटीआयई, मनात असेल तर तिथले नियम वेगळे मागवून घे. कॅम्पसवर किती काळ हजर राहावं लागतं, हे सगळ्यात आधी विचार. आपल्या विद्येच्या आद्य लोकांपैकी एक, लिलियन गिलब्रेथ, यांनी मुलंबाळं आणि नवऱ्याबरोबरचा सल्लागारीचा व्यवसाय सांभाळून कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. विद्यापीठाने निवासाच्या अटीवर बोट ठेवून पदवी नाकारली. त्या प्रबंधाचं १९१४ मध्ये पुस्तक झालं, पण डॉक्टरेटसाठी बाईंना वेगळा प्रबंध लिहावा लागला. ती १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाने दिली. इतकी मोठी बाई, आणि आडवा आला तो हजेरीचा नियम.

आता विषय. इथे घाई करू नकोस, कारण नोकरी करणारी हुशार मुलं इथेच अडकतात. विषय तुझ्याच लाइनवरचा घे, त्याबद्दल वाद नाही. पण कंपनीचा प्रश्न आणि प्रबंधाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समज, प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला चाळीस मिनिटं लागत होती, ती तू पंधरावर आणलीस. कंपनी खूश, कायझेनचं बक्षीसही मिळेल. परीक्षक मात्र विचारतील, यात नवं काय? डायबदल एकअंकी मिनिटांत आणायची पद्धत शिगेओ शिंगोंनी केव्हाच घालून दिली आहे, ती तू वापरलीस इतकंच. प्रबंधाचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. तीन महिन्यांनी ती वेळ पुन्हा का वाढते? कोणत्या पार्टनंतर कोणता पार्ट लावला तर वाढते? शिफ्ट बदलली की फरक का पडतो? आणि हे उत्तर वाळूजच्या एखाद्या छोट्या सप्लायरकडेही लागू पडेल का? वाचवलेले रुपये साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये दाखव, प्रबंधात कारण दाखव. एकाच कामातून दोन्ही निघतात, पण रिपोर्टला पुठ्ठा घालून प्रबंध होत नाही.

डेटा पहिल्याच वर्षापासून तारीखवार साठव. ब्रेकडाउन रजिस्टरमधल्या नोंदी आणि ईआरपीतले आकडे जुळत नाहीत तिथे खूण कर. पुष्कळदा खरा विषय त्या फरकात सापडतो. कोणता डेटा बाहेर नेता येईल, कंपनीचं नाव लिहायचं की नाही, याची परवानगी लेखी घे, कारण मंजूर झालेला प्रबंध शोधगंगेवर जातो आणि तो कोणीही उघडून वाचू शकतो. खरे आकडे देता येत नसतील तर पहिल्या महिन्याला शंभर धरून बाकीचे त्या प्रमाणात मांड. पेटंट घेण्याजोगं काही निघालं तर अर्ज आधी, पेपर नंतर. मध्येच नोकरी बदलायची वेळ आली तर हीच परवानगी तुला वाचवेल.

वेळेचं म्हणशील, तर पिंपरी-भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, आणि विद्यापीठ त्या दिवशी उघडं असतं. मार्गदर्शकांची भेट, लायब्ररी, फी भरणं, सगळं गुरुवारी. नातेवाइकांना आत्ताच सांगून ठेव की काही वर्षं गुरुवारचं तुझं जमणार नाही. बाकी दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी जायच्या आधी कँटीनमध्ये बसून अर्धा तास लिही. घरी गेल्यावर लिहीन म्हटलं की राहतंच.

एक गोष्ट मात्र माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरच्या मागे उभी राहशील तेव्हा त्याला आधी सांग की कशासाठी मोजतेस आणि त्याचं नाव कुठेही येणार नाही. युनियनच्या लोकांशीही स्वतः बोल. १९११ मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या शस्त्रागारातले मोल्डर याच घड्याळावरून संपावर गेले होते. धसकलेला माणूस हात सावकाश चालवतो, मग तुझे आकडेही खोटे येतात. आणि आकड्यांचं सोडून दे, त्याच्या कामावर तू पदवी घेणार आहेस. म्हणून प्रबंध इंग्रजीत झाला तरी त्यातून काय निघालं ते मराठीत दोन पानांवर लिहून त्या माणसांच्या हातात दे, आणि व्हायवाच्या आधी दे. चूक असेल तर ती त्यांनाच आधी कळेल.