घरच्या संगणकातील डिस्कची वाटणी



विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, म्हणून बरेच जुने संगणक त्यावर जाऊ शकत नाहीत. अशा संगणकात विंडोजशेजारी लिनक्स बसवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला चांगला आहे. पण आधी डिस्कची वाटणी समजून घ्यावी. नाहीतर घरचे फोटो, गुणपत्रिका, पहाणीच्या प्रती क्षणात जातात.

शेताची वाटणी झाली तरी जमीन तीच राहते. बांध पडतो आणि पहाणीत नोंद होते. डिस्कचेही तसेच आहे. एकाच डिस्कचे भाग पाडले की त्यांना सी, डी, ई अशी नावे मिळतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी होती. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या आरंभी असते. तिला पार्टिशन टेबल म्हणतात. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच मुख्य भाग पडतात आणि साधारण २ टेराबाइटपर्यंतच जागा वापरता येते. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ भाग पाडू देते, शिवाय नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

संगणक चालू होताच विंडोजच्या आधी यूईएफआय, जुन्या यंत्रात बायोस, काम सुरू करते. सुरुवात कुठून करायची, हे तिथल्या क्रमावर ठरते. कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून तेवढ्यापुरता पर्याय बदलता येतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरुवात केली, तर काहीही न बसवता ते वापरून पाहता येते. दोन्ही प्रणाली बसवल्यावर बहुधा ग्रब नावाची यादी येते. त्यातून हवी ती निवडावी.

वाटणीपूर्वी आमचे सांगणे असे :

१. महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि त्या उघडतात का ते पाहा.
२. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. सुरुवातीचे पर्याय बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.
३. विंडोजचा भाग विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा.
४. काम अर्धवट असताना वीज गेली तर नुकसान होऊ शकते. यूपीएस किंवा चार्ज केलेला लॅपटॉप हवा.
५. चुकून एखादा भाग पुसला गेला तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. बहुधा नोंदच गेलेली असते, माहिती जागेवर असते. एसएसडीत मात्र ही आशा कमी.

डी ड्राइव्हमध्ये ठेवलेले सुरक्षित, असा समज पुष्कळांचा असतो. फक्त सी वर विंडोज नव्याने टाकल्यास डी वाचते, हे खरे. पण डिस्कच बिघडली तर दोन्ही जातात. मांजरेला पूर आला की बांधाच्या दोन्ही बाजूंची वावरे बुडतात. म्हणून वाटणी केली तरी वेगळ्या डिस्कवरची प्रत हवीच. मुलांनी हे काम एकट्याने करू नये. पालकांनी सोबत बसावे.