आजीचा फोटो काढताना



दहावीच्या फॉर्मवर चिकटविलेले तुमचे फोटो आम्ही दरवर्षी पाहतो. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे भ्यालेले. घरातील वडीलधाऱ्यांचे तर याहून वाईट. माणूस गेल्यावर कुठल्याशा लग्नातील ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करावा लागतो आणि तोच धूसर चेहरा पुढे वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो. म्हणून या दिवाळीच्या सुटीत आठवी-नववीच्या प्रत्येकाने घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचा फोटो काढून आणावा, असे आम्ही ठरविले आहे. मोबाईलवर काढलेला चालेल.

माणसाला कॅमेऱ्यासमोर बसविणे ही जुनी विद्या आहे. पूर्वी काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. पणजोबांच्या फोटोतील करडेपणा पुष्कळसा त्यामुळे, स्वभावामुळे असेलच असे नाही! आपल्या इंदूरला तर या विद्येचा वारसा आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. तिकडे १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. समोरच्याचा संकोच आधी दूर करायचा, कॅमेरा मागाहून, हे त्यांना कळले होते.

आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तेथे दोन्हींना 'मुद्रा'च म्हणत. मराठीत मात्र बसण्याची ढब वेगळी आणि चेहऱ्यावरची मुद्रा वेगळी. ढब आपण घडवू शकतो. आजीला खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद करा. खांदे थोडे तिरके, चेहरा आपल्याकडे. खुर्चीत रेलून बसले की पाठ गोल दिसते, म्हणून थोडे पुढे सरकून बसू द्या. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि चार-पाच पावले मागे व्हा. फार जवळून नाक मोठे येते.

हातांचे काय करावे हे कुणालाच सुचत नाही. त्यांना काम द्या: वाती वळणे, शेंगा सोलणे, जपमाळ, काहीही.

मुद्रा मात्र सांगून येत नाही. "हस ना" म्हटले की हसू पळते. तिला माहेरचे काही विचारा, आणि उत्तर संपल्यावर जो एक क्षण ती गप्प राहते, तेव्हा बटण दाबा. "नको रे, मी कशी दिसते" म्हणाली तर हट्ट करू नका. दुसऱ्या दिवशी चहानंतर पुन्हा विचारा.

फोटोमागे पेन्सिलीने नाव, माहेरचे गाव आणि तारीख लिहून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्यावे. छापून घेणे शक्य नसेल त्यांनी पालकांसह मोबाईल घेऊन कार्यालयात यावे. विश्वस्त मंडळाने तो खर्च मंजूर केला आहे.