मोबाइलची सुरक्षा : पत्रिकेच्या नावाने आलेली फाइल



मागच्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या कन्हानच्या शाळेत सातवीच्या पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे. गृहपाठ, सुट्टी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यावरच चालतं. एका रात्री एका पालकांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. मी फाइल उघडली नाही, पण नीट न बघताच ‘अभिनंदन’ लिहून मोकळी झाले. सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "मॅडम, मी काहीच पाठवलं नाही जी. मला मामाच्या नंबरवरून आली होती. दाबून पाहिली, पण काही उघडलंच नाही."

तोपर्यंत आणखी दोघांनी ती दाबली होती. त्यातल्या एक ताई म्हणाल्या, "मॅडमनी अभिनंदन लिहिलं, म्हणून आम्हाला खरी वाटली." ते वाक्य मला फार लागलं. म्हणून हा पाठ आधी माझ्यासाठी, मग मुलांसाठी आणि आता तुमच्यासाठी.

फाइलचं आडनाव वाचा

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं ते तिचं आडनाव समजा. फोटोचं आडनाव जेपीजी, कागदपत्राचं पीडीएफ. एपीके हे आडनाव अँड्रॉइड ॲपचं असतं. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, ती ॲप कधीच नसते. वाहनाच्या दंडाची पावती किंवा पीएम किसानची यादी या नावानेही अशाच फाइली फिरतात.

हे ॲप इन्स्टॉल झालं की मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अनुमती द्या’ दाबतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराकडे पोहोचतो. व्हॉट्सॲपचा कोडही मेसेजनेच येतो, त्यामुळे आपलं खातं त्याच्या हाती जातं आणि पुढची पत्रिका आपल्याच नावाने निघते. काही ॲप आपलं चिन्हही लपवतात, म्हणून ‘काही उघडलंच नाही’ असं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच पत्रिकेमुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याची बातमी आली होती. शिकलेला माणूस फसत नाही, हा आपला गैरसमज आहे.

‘आयफोनला व्हायरस येत नाही ना?’

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मुलांना मी थोडा इतिहास सांगते.

मोबाइलचं दुखणं अँड्रॉइडच्याही आधीचं आहे. २००४ मध्ये सिम्बियन प्रणालीच्या फोनवर ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथने पसरला. तेव्हाही मालकाने ‘हो’ दाबल्याशिवाय तो आत शिरत नव्हता. वीस वर्षं झाली, फोन बदलले, आपलं बोट तेच आहे!

अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरच्या बाहेरूनही ॲप घेता येतं. ही सोय आहे, पण चोर याच दाराने येतो. आपल्या देशात बहुतेक फोन अँड्रॉइडचे, म्हणून चोरांचं लक्षही तिकडेच जास्त. शिवाय स्वस्त फोनला काही वर्षांनी सुरक्षा अपडेट मिळणं बंद होतं. आपल्या बऱ्याच घरांत आईबाबांचा जुना फोन मुलांकडे येतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

आयफोनवर एपीके फाइल चालतच नाही. आपल्याकडे त्यात ॲप साधारणपणे ॲपलच्या ॲप स्टोअरवरूनच घ्यावं लागतं. पण २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ हा घातक कोड काही ॲपमधून त्या स्टोअरपर्यंत पोहोचलाच होता. ‘जोकर’ नावाच्या मालवेअरची ॲप प्ले स्टोअरवरूनही वारंवार काढावी लागली. ‘पेगासस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर तर दोन्ही प्रकारच्या फोनसाठी बनलं. ते सहसा निवडक लोकांवर वापरलं जातं, म्हणून सामान्य घराने त्याची धास्ती घ्यायला नको. आणि खोट्या लिंकवर आपणच पासवर्ड किंवा ओटीपी भरला, तर फोन कोणताही असो, काय करणार?

थोडक्यात, एका घराला दारं जास्त, दुसऱ्याला कमी. कडी दोन्हीकडे आपल्यालाच लावायची आहे.

चुकून दाबलं तर?

१. लगेच इंटरनेट बंद करा, फोन विमान मोडवर टाका.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा.
३. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोलाचं.
४. तो मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून ठेवा.
५. ॲप काढून टाका. शंका राहिली तर माहितगाराकडून फोन रीसेट करून घ्या आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.
६. गटावर सांगा. लाजू नका.

सहावा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या वडिलांच्या नंबरवरून ती फाइल आली, त्यांच्या खात्यात मुलीची शिष्यवृत्ती जमा होते. त्यांनी न लाजता सकाळीच फोन केला, म्हणून बँकेला वेळेत कळवता आलं आणि पैसे वाचले. घरात रागावण्याची भीती असेल तर मूल चूक लपवतं, आणि चोराला तेवढाच वेळ पुरतो.

वर्गातील उपक्रम

फळ्यावर दहा फाइलींची नावं लिहा : पत्रिका डॉट पीडीएफ, निकाल डॉट एपीके, सहल डॉट जेपीजी, अशी. मुलांनी ‘उघडा’ आणि ‘विचारा’ असे दोन गट करायचे. मग घरी जाऊन आजी-आजोबांच्या फोनमध्ये कोणत्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी आहे, ते त्यांच्यासोबत बसून बघायचं. आमच्या एका मुलीने आजोबांच्या टॉर्चच्या ॲपकडे ती परवानगी शोधून काढली. टॉर्चला मेसेज कशाला वाचायचे असतात?

आता आमच्या गटाचा नियम एवढाच आहे : पत्रिका असेल तर फोटो टाका. आणि मी? आधी फोन करून विचारते, मग अभिनंदन लिहिते.