घरामागील माळ राखीव आहे काय, हे कसे पाहावे

खेडेगावात घर बांधणारा मनुष्य पुढील रस्ता पाहतो, पाण्याची सोय पाहतो, वास्तुशांतीचा मुहूर्तही पाहतो. परंतु परसदारामागील जमीन कोणाची आहे व कोणत्या कामासाठी राखलेली आहे, हे तो बहुधा पाहत नाही. तेथे माळ असतो, गुरे चरत असतात, पोरे खेळत असतात. तो तसाच राहणार असे मनुष्य गृहीत धरून चालतो. पुढे एके दिवशी तेथे मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जातात आणि मग कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याची पाळी येते. त्या पायऱ्या आधीच एकदा चढून यावे, आणि वर गेल्यावर कोणता कागद मागावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करण्यात ३२ वर्षे घालविली. सात-बारा, फेरफार, खातेवही ह्यांची किती पाने उलटली त्याची गणती नाही. असे असूनही दिव्याखाली अंधार म्हणतात तशी गत झाली. गावठाणाच्या कडेस २०१६ साली मी घर बांधले. मागील माळास सारा गाव गायरान म्हणे, सबब मीही तसेच म्हणू लागलो. त्याच वर्षी शेजाऱ्यांनी गोठा काढला. गोठ्याचे दार माळाकडे ठेवावे की रस्त्याकडे, ह्या विचारात ते होते. ‘‘भाऊसाहेब, मागे गायरानच आहे ना?’’ असे त्यांनी विचारले. ‘‘आहे. दार खुशाल तिकडे ठेवा,’’ असे मी उत्तर दिले. कारकुनाचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. परंतु तो शब्द देताना मी एकही कागद पाहिला नव्हता.

२०२२ साली माळावर मोजणी आली, तेव्हा उलगडा झाला. ज्यास आम्ही एक माळ समजत होतो तो दोन गटांचा होता. दूरचा गट खरोखरीच गायरान होता. आमच्या भिंतीलगतचा दोन एकरांचा गट मात्र खाजगी मालकीचा, भोगवटादार वर्ग १ चा निघाला. मालक शहरात राहत व जमीन पडीक ठेवीत. म्हणून गुरे दोन्हीकडे सारखीच चरत. गुरे चरली म्हणून काही जमीन गायरान होत नाही. मालकांनी भूखंड पाडून विकले, ह्यात त्यांचा काही अपराध नाही. कायदा त्यांच्या बाजूस होता. चूक होती ती माझी.

ह्या अनुभवावरून माझी अशी खात्री झाली आहे की, ‘ही जमीन राखीव आहे काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणी राखली, कोणत्या कागदाने राखली, आणि ती राखण उठविण्याचा अधिकार कोणास आहे, असे विचारले पाहिजे. राखीव ह्या एका शब्दाखाली अनेक प्रकारच्या जमिनी मोडतात, आणि त्यांतील काहींची राखण दगडी बांधासारखी, तर काहींची काट्याच्या कुंपणासारखी असते.

आरंभ गट नंबरापासून करावा. डोळ्यांनी दिसणारी हद्द व नकाशावरील हद्द ह्यांत पुष्कळदा अंतर असते, हे वर आलेच आहे. भूमी अभिलेख कचेरीतून गावचा गट नकाशा घ्यावा, आपल्या घराच्या मागे कोणकोणते गट लागतात ते पाहून प्रत्येकाचा नंबर टिपून घ्यावा. हल्ली नकाशा व सात-बारा संगणकावरही पाहता येतो. प्राथमिक चौकशीस तो पुरे. परंतु ज्याच्या भरवशावर पैसा घालावयाचा, त्याची अधिकृत नक्कलच घ्यावी.

मग सात-बारा वाचावा. वर्ग १ असे असल्यास मालकास विक्रीची आडकाठी सामान्यतः नाही, असे समजावे. वर्ग २ पाहून कित्येक लोक निर्धास्त होतात; तोही भ्रम होय. वर्ग २ च्या जमिनीचे हस्तांतर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते बंधन विक्रीवरचे आहे. परवानगी मिळाली म्हणजे ते सुटते. ‘सरकार’ असे नाव असल्यास तेवढ्यावरही विसंबू नये, कारण सरकारी पडीक जमीन सरकार उद्या एखाद्या कामास देऊ शकते. ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचीतच नाहीत. वस्तुतः वनाचा शेरा, संपादनाचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम ह्यांची नोंद तेथेच सापडण्याचा संभव अधिक. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढून वाचल्यावाचून नोंदीचे मूळ कळत नाही. सात-बाऱ्यावर आज काय आहे ते दिसते. ते तसे का झाले, हे फेरफार सांगतो.

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १ ला जोडलेल्या काही नोंदवह्या असतात, त्यांची माहिती शेतकऱ्यांस फारशी नसते. १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी व १-इ मध्ये अतिक्रमणे नोंदलेली असतात. घरामागील गट १-ब मध्ये असल्यास तो कोणत्या प्रयोजनासाठी नेमून दिला आहे, हे विचारावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरण, स्मशान, वैरण, गावठाण इत्यादी कामांसाठी जमीन नेमून देता येते, आणि एकदा नेमून दिल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती अन्य कामी लावता येत नाही. गायरानाचा आधार हा असा आहे. विदर्भात निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हेही पाहावेत. गुरचराईचे व जाण्यायेण्याचे हक्क तेथे लिहिलेले सापडतात.

गायरानाची राखण पूर्वी ढिली होती. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपालसिंग ह्यांच्या प्रकरणी गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्व राज्यांस आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढून गायरान खाजगी व्यक्तीस वा संस्थेस देण्यास बंदी केली. सरकारच्याच सार्वजनिक कामासाठी, तेही दुसरी जमीन नसेल तेव्हा, वाट मोकळी ठेवली. तेव्हा गायरानात कोणी खाजगी गृहस्थ भूखंड पाडील ही भीती कमी. पण एखादा सरकारी प्रकल्प येणारच नाही, असे म्हणता येणार नाही.

वनजमिनीची राखण सर्वांत भक्कम. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २० खाली राखीव वन व कलम २९ खाली संरक्षित वन जाहीर होते. कलम ४ ची अधिसूचना ही केवळ राखीव करण्याचा इरादा असतो, तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर वापर केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून होत नाही; १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने वन ह्या शब्दाचा अर्थही व्यापक केला. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनच समजाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ठरविले आहे. त्या बाजूच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सात-बाऱ्यावर मालकाचे नाव आहे म्हणून जमीन वन नाही असेही नव्हे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाकडे गेली, तरी कित्येक ठिकाणी कागदावर जुनी नावे राहून गेली. उलटपक्षी, पूर्वी कलम ३५ ची नोटीस निघाली व पुढे काहीच झाले नाही, तर केवळ त्या नोटिशीने जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निकाल २०१४ साली गोदरेज कंपनीच्या प्रकरणी लागला. सारांश, वनाबाबत महसुली कागदावर न थांबता वनखात्याच्या विभागीय कचेरीतून लेखी उत्तर घ्यावे.

आता ज्याने मला फसविले, किंबहुना ज्याकडे मी पाहिलेच नाही, त्या नकाशाकडे वळू. महसूल खात्याच्या मनुष्यास नगररचना खात्याचे वावडे असते. जमीन कोणाची हे आमच्या दप्तरात. तिच्यावर काय उभे राहील हे त्यांच्या दप्तरात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रादेशिक योजना व शहरांच्या विकास योजना होतात, आणि प्रत्येक गट कोणत्या विभागात पडतो हे त्यांत रंगविलेले असते. नगररचना कचेरीत अर्ज करून गटाचा झोन दाखला व भाग नकाशा मागावा. आमच्या भिंतीमागील गट रहिवास विभागात होता. त्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतींची मुदत होती. ती गावात कोणासही ठाऊक नव्हती. शिवाय गावठाणापासून २०० मीटरांच्या आतील जमिनीस निवासी वापराची मुभा सुलभ करणाऱ्या दुरुस्त्या महसूल कायद्यात झाल्या होत्या. म्हणजे जी जमीन घराजवळ म्हणून आम्हास सुरक्षित वाटत होती, तीच घराजवळ असल्यामुळे सर्वांआधी बांधकामास मोकळी झाली! बिनशेतीचे नियम वारंवार बदलतात, तरी आपण चौकशी कराल त्या दिवशी लागू असलेला नियम विचारावा.

हिरवा किंवा शेती विभाग दिसला तरी हुरळून जाऊ नये. शेती विभागातही काही बांधकामे नियमाने चालतात. प्रादेशिक योजनेत कलम २० खाली व विकास योजनेत कलम ३७ खाली फेरबदल होऊ शकतो, आणि कलम ३८ प्रमाणे विकास योजनेची २० वर्षांत एकदा तरी सुधारणा करावयाची असते. फेरबदलाची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रांत येते. नदीकाठच्या वाचकांनी पाटबंधारे खात्याची पूररेषा पाहावी: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, आणि ती योजनेच्या रंगापेक्षा अधिक टिकते.

तोंडी उत्तरावर कधीही भिस्त ठेवू नये. माझे तोंडी उत्तर काय किमतीचे होते ते वाचकांनी पाहिलेच आहे. उत्तर लेखी मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. त्याखाली ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

भूखंडांभोवती भिंत उठली तेव्हा शेजाऱ्यांच्या गुरांची वाट बंद झाली. वहिवाटीची वाट अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, परंतु तो सहा महिन्यांच्या आत. शेजारी माझ्याकडे आले ते नवव्या महिन्यात. इतके दिवस का थांबलात, असे विचारता म्हणाले, ‘‘तुम्ही गायरान म्हणाला होता, तेव्हा भिंत सरकारच पाडील असे वाटले.’’ ह्यावर मजपाशी उत्तर नव्हते.

पलीकडील खऱ्या गायरानाची मात्र आम्ही ग्रामपंचायतीमार्फत मोजणी करून घेतली, हद्दीचे दगड बसविले, आणि १-ब चा उतारा व मोजणी नकाशा ह्यांच्या नकला चावडीत लावल्या. शेजाऱ्यांच्या गोठ्याचे दार गेल्या वर्षी रस्त्याच्या बाजूस फोडले. त्याचा निम्मा खर्च मी देऊ केला. तो त्यांनी घेतला नाही, म्हणून तेवढ्या रकमेची सरकी पेंड त्यांच्या गोठ्यात नेऊन टाकली.