एकोणीस एकांची संख्या



मागे कक्षा आठवीत शिकवताना माझ्याकडून एक चूक झाली. वर्गात ती सुधारली, पण काहींच्या वह्यांत तशीच राहिली आहे आणि पालकही विचारू लागले आहेत, म्हणून येथे लिहितो.

विषय होता मूळ संख्या. (मी हिंदी माध्यमातून शिकलेला, म्हणून फळ्यावर 'अभाज्य' लिहिले. धार-देवासच्या आपल्या घरांत दोन्ही शब्द चालतात.) फक्त १ हाच अंक असलेल्या संख्या मी घेतल्या. सहा एक लिहा: ११११११. दोन-दोनच्या जोड्या पाडा, प्रत्येक जोडी ११. म्हणून संपूर्ण संख्येला ११ ने भाग जातो. म्हणजे एकांची गणती भाज्य असेल तर संख्याही भाज्य. इथपर्यंत बरोबर. पुढे घाईत बोलून गेलो की गणती मूळ असली की संख्याही मूळ. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वही पुढे केली: १११ = ३ × ३७, आणि १११११ = ४१ × २७१. तिचे बरोबर होते.

या संख्यांचे वर्ग फार देखणे येतात: १२१, १२३२१, १२३४३२१. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी यांना 'डेम्लो' संख्यांत घेतले. हे नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून आहे.

आता मुख्य गोष्ट. एकांची गणती विषम मूळ संख्या असेल, तर त्या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला गणतीच्या दुपटीने भागल्यास बाकी १ उरते. (१११ चा विभाजक ३, एवढाच अपवाद.) हे फर्माच्या प्रमेयातून निघते. वरचेच पाहा: ४१ आणि २७१ यांना १० ने भागा. सात एकांसाठी १४ घ्या. २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ करून पाहिले, जमले नाही. आठव्या खेपेला २३९ सापडला. १११११११ = २३९ × ४६४९.

अकरा, तेरा, सतरा एकांच्या संख्याही अशाच फुटतात. एकोणीस एकांची मात्र फुटत नाही:

११,११,११,११,११,११,११,११,१११

ही मूळ संख्या आहे. हिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथपर्यंतची प्रत्येक संख्या तपासायची तर जन्म जाईल. वरील नियमाने ३८ ने भागून बाकी १ उरणाऱ्याच तपासायच्या. त्या पावणेतीन कोटींच्या आसपास. तरीही हे काम वहीचे नव्हे.

अकरानंतर अशी मूळ संख्या थेट एकोणीस एकांवर, मग तेवीसवर, मग ३१७ वर मिळते. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ साली प्रसिद्ध झाली, आणि ४९०८१ एकांच्या संख्येची २०२२ साली मिळाली.

तेरा एकांची संख्या तुमच्यासाठी ठेवली आहे. २६ ने भागून बाकी १ उरणाऱ्या संख्यांपासून सुरुवात करा. फार लांब जावे लागणार नाही. उत्तर कागदावर लिहून माझ्या कक्षात आणून द्यावे. पालकांनी केले तरी चालेल.