गावी बिऱ्हाड हलवण्यापूर्वी तालुका पारखा

मुंबईतला गाळा किंवा आखातातली नोकरी सोडून कोकणात थोडी जमीन घ्यावी, घर बांधावे, चार कलमे लावावीत, दोन म्हशी पाळाव्यात आणि जोडीला आपला हुन्नर चालवावा, असा विचार अनेक व्यापारी व कारागीर बांधव करतात. विचार चांगला आहे. परंतु बहुतेक जण आधी जमीन पसंत करतात व तालुक्याची चौकशी मागाहून करतात. क्रम उलटा हवा. येथे रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण घेऊ.

पहिला प्रश्न पाण्याचा. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वरचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहेत, नद्या आखूड आहेत. पाणी बघता बघता खाडीला मिळते. मग एप्रिल-मेमध्ये याच जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून जमीन श्रावणात पाहू नये. (दलाल मात्र हटकून श्रावणातच नेतो!) मे महिन्यात जाऊन विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे. शिवाय पंचायत समितीत दरवर्षीचा पाणीटंचाई आराखडा असतो. मागच्या चार-पाच वर्षांचे आराखडे पाहावेत. एकाच वाडीचे नाव त्यात पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथली जमीन फुकट मिळाली तरी महागच. सड्यावरची कातळजमीन स्वस्त मिळते. सड्याच्या पायथ्याशी, जिथे जांभा संपून खाली चिकण थर लागतो, तिथे झरे फुटतात. ती जमीन महाग असते, पण पैसा तिथेच घालावा.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाचा, आणि आपल्या वाचकांसाठी तो पाण्याइतकाच मोठा आहे. हापूसच्या कलमाला हाती लागण्याजोगे पीक यायला पाच-सहा वर्षे जातात, काजूच्या कलमाला तीन-चार. त्यातही वानर व रानडुक्कर आपला वाटा घेतातच. तोवर घर चालणार ते सुतारकाम, वेल्डिंग, शिलाई किंवा बेकरीवर. आता जनगणनेचे आकडे पाहा. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. वाढली नाही, घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२ होत्या. अर्थ सरळ आहे : कमावते पुरुष बाहेर आहेत, गावात पैसा बाहेरून येतो आणि तो मे महिन्यात व सणावारी खर्च होतो. अशा ठिकाणी घरदुरुस्ती, ग्रिल, पंप बसवणे ही कामे चालतात. बारमाही गिऱ्हाईक लागणारे दुकान चालेलच असे नाही. खेड व चिपळूण यांना महामार्गही आहे आणि कोकण रेल्वेही. मंडणगड, दापोली, गुहागर यांना रेल्वे नाही. तिथे माल आणण्याच्या भाड्याचा हिशेब आधीच मांडावा. करवतयंत्र चालवायचे असेल तर थ्री फेजची तार जागेपासून किती खांब दूर आहे तेही विचारावे.

आपत्तीचा इतिहासही पाहावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड भागातील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. बाजारात गाळा घेताना पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, हे शेजाऱ्याला विचारायला पैसे लागत नाहीत.

राहिली कागदपत्रे. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पुष्कळ बांधवांच्या आजोबांचे नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर आहे, पण वारसनोंद झालेलीच नाही. नवी जमीन पाहण्याआधी ती नोंद करून घ्यावी. विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार असणे कोकणात नवे नाही. त्यांतले निम्मे मुंबईला, काही परदेशी. सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय बयाणा देऊ नये. बहिणींची नावे नोंदीतून गळली आहेत का, हेही फेरफार काढून तपासावे, कारण त्यांचा हिस्सा कायम राहतो आणि दावा पुढे घेणाऱ्याच्या दारी येतो. इतर हक्कात कुळाचे नाव, कलम ४३ चा शेरा किंवा ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल तर तिथेच थांबून तालुक्याच्या वकिलाकडे जावे. मोजणी झाल्यावरच साठेखत करावे, आणि शक्य झाल्यास एक उन्हाळा त्याच वाडीत भाड्याने राहून पाहावे.